इतिहासाचा तास आणि आमचा बाक

चौथीच्या वर्गात प्रतापगडाचा धडा सुरू झाला की काही डोकी आपोआप एका बाकाकडे वळतात. त्या बाकावर कुणी शेख, कुणी पठाण, कुणी मुलाणी, तांबोळी नाहीतर बागवान बसलेला असतो. अफजलखानाशी त्याचे नाते काय, हे त्यालाही ठाऊक नसते आणि वळून बघणाऱ्यांनाही. तरी बघणारे बघतात आणि तो मान खाली घालतो. आमच्यापैकी जे जे मराठी शाळेत शिकले, त्यातल्या बहुतेकांनी हा क्षण एकदा तरी अनुभवला आहे. त्या क्षणी पुढे काय होणार हे अभ्यासक्रम मंडळ ठरवत नाही. फळ्यापाशी उभे असलेले गुरुजी किंवा बाई ठरवतात.

आमच्यातल्या एकाच्या नशिबी चांगले गुरुजी आले. खेड्यातली शाळा, एका खोलीत दोन वर्ग. धडा निम्म्यावर आला, माना वळल्या, आणि गुरुजींनी पुस्तक मिटून फळ्यावर दोन रकाने आखले. एकात खानाच्या बाजूची माणसे, दुसऱ्यात महाराजांच्या बाजूची. खानाच्या रकान्यात त्यांनी मंबाजी भोसले आणि वकील कृष्णाजी भास्कर ही नावे लिहिली. महाराजांच्या रकान्यात जिवा महाला, संभाजी कावजी आणि अंगरक्षकांपैकी सिद्दी इब्राहीम. मग मुलांना विचारले, आता सांगा, ही लढाई कोणाकोणात झाली? वर्ग गोंधळला. कुणी म्हणाले विजापूर आणि स्वराज्य यांच्यात. गुरुजी म्हणाले, बरोबर, तेच वहीत लिहा. त्या दिवशी मधल्या सुट्टीत आमचा हा मित्र नेहमीसारखा विटीदांडू खेळला. दुसऱ्या एका मित्राच्या शाळेत बाईंनी तोच धडा वाचून दाखवला, प्रश्न एकही घेतला नाही. त्याला त्या दिवशी 'खान' हे नाव चिकटले ते दहावीपर्यंत सुटले नाही. पुस्तक एकच होते, धडाही तोच होता.

नवा अभ्यासक्रम आला की वर्तमानपत्रांत प्राध्यापक बोलतात, पुढारी बोलतात, संघटना निवेदने देतात. ज्यांना तो रोज पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात शिकवायचा असतो, त्यांचे मत मात्र क्वचितच छापून येते. आमच्यापैकी काहीजण स्वतः शिक्षक आहेत, काहींच्या घरात शिक्षक आहेत. मराठी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांतल्या या मंडळींशी इतिहासाच्या बदलत्या पुस्तकांविषयी आमचे वर्षानुवर्षे बोलणे चालू आहे. ही काही पाहणी नव्हे, तिच्यात आकडे नाहीत. पण या बोलण्यातून जे हाती लागले ते इतिहासाच्या संदर्भात तपासून मांडावे असे वाटले.

भांडण जुनेच आहे

शाळेत शिकवायच्या इतिहासाचा वाद आजकालचा नाही. भारताचा इतिहास हिंदू, मुसलमान आणि ब्रिटिश अशा तीन कालखंडांत कापण्याचे काम जेम्स मिल याने १८१७ साली आपल्या ग्रंथात केले. मिल कधी भारतात आला नव्हता आणि इथली कोणतीही भाषा त्याला येत नव्हती. पहिल्या दोन कालखंडांना त्याने राजांच्या धर्माचे नाव दिले आणि तिसऱ्याला मात्र 'ख्रिस्ती' म्हटले नाही. या एका खुबीत पुढचे सगळे राजकारण दडलेले आहे. पुढे इलियट आणि डौसन यांनी फार्सी तवारिखांतले वेचे निवडून १८६७ ते १८७७ या काळात आठ खंडांत इंग्रजीत आणले. मुसलमानी अमलाच्या तुलनेत इंग्रजी राज्य किती सुखाचे आहे हे इथल्या लोकांना कळावे, हा हेतू इलियटने लपवलेला नाही. निवड त्या हेतूने झाली आणि त्या निवडीवर पुढच्या पिढ्यांची क्रमिक पुस्तके उभी राहिली. आजही राजा बदलला की धर्म बदलला आणि धर्म बदलला की युग बदलले, असे आमच्या मुलांना वाटते ते तिथूनच आलेले आहे.

महाराष्ट्रात ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली आला. त्याचे मराठी भाषांतर झाले आणि तीच 'बखर' शाळांत शिकवली जाऊ लागली. तिच्यावर पहिली ठोस टीका कुणी केली? पुण्यात शिकत असलेल्या नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने, १८६७ च्या सुमारास. डफने कोणती साधने पाहिली, कोणती पाहिली नाहीत, कुठे चुकला, हे त्याने दाखवून दिले. मराठी इतिहाससंशोधनाची पुढची मोठी परंपरा अशा टीकेतून उभी राहिली. आम्हाला ही घटना फार मोलाची वाटते. शालेय पुस्तकावर रागावून ते फाडण्यापेक्षा साधने मागणे हा मार्ग आपल्याच मातीत दीडशे वर्षांपूर्वी आखला गेला आहे.

दिल्लीची पुस्तके

स्वातंत्र्यानंतर १९६१ साली एनसीईआरटी स्थापन झाली. रोमिला थापर, सतीश चंद्र, रामशरण शर्मा, बिपन चंद्र अशा इतिहासकारांनी शालेय पुस्तके लिहिली. राजाच्या धर्मापेक्षा जमीनमहसूल, व्यापार, कारागीर, राज्ययंत्रणा यांच्याकडे बघायला त्यांनी शिकवले. जनता राजवटीत १९७७-७८ साली या पुस्तकांवर आक्षेप आले आणि शर्मांचे प्राचीन भारतावरचे पुस्तक अभ्यासक्रमातून काढले गेले. २००० साली नवा आराखडा आला. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि न्यायालयाने सप्टेंबर २००२ मध्ये तो वैध ठरवला. त्यानंतर आलेली नवी पुस्तके सरकार बदलताच मागे पडली. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली २००५ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला.

२००५ च्या आराखड्यातून आलेल्या पुस्तकांविषयी शिक्षकांकडून आम्ही दोन टोकांची मते ऐकली आहेत. नागरिकशास्त्राच्या जागी 'सामाजिक आणि राजकीय जीवन' आले. आठवीच्या त्या पुस्तकात वंचिततेवर एक प्रकरण होते आणि त्यात मुसलमानांच्या स्थितीची चर्चा सच्चर समितीच्या आधारे केलेली होती. समितीचा अहवाल २००६ चा. म्हणजे अवघ्या दोनेक वर्षांत तो मुलांच्या हातात गेला. मुसलमान म्हणजे बादशहाचे वारस अशी समजूत बाळगणाऱ्या वर्गाला मुसलमान शाळेतून का गळतात, नोकरीत किती आहेत, हे वाचायला मिळाले. ज्यांनी हे प्रकरण मनापासून शिकवले त्या शिक्षकांना ते विलक्षण वाटले. पण अनेकांची तक्रार वेगळी होती. या पुस्तकांत प्रश्न होते, तयार उत्तरे नव्हती. परीक्षा मात्र तयार उत्तरांचीच राहिली. प्रशिक्षण म्हणजे दोन दिवसांचे भाषण. मुलाने अडचणीचा प्रश्न विचारला तर वर्ग कसा सांभाळायचा, हे कुणी सांगितले नाही. मग बाजारातले गाइड आले, आणि विचार करायला लावणारे पुस्तक 'रिकाम्या जागा भरा' या रूपात परत आले. चांगले पुस्तकही शिक्षकाला सोबत घेतल्याशिवाय वर्गात पोचत नाही, हा त्या काळाचा धडा आहे.

महाराष्ट्राची सातवी आणि दहावी

महाराष्ट्राची पाठ्यपुस्तके १९६७ साली स्थापन झालेली बालभारती काढते. मराठी माध्यमाचे मूल जो इतिहास वाचते तोच उर्दू माध्यमाचे मूल उर्दूत वाचते. त्यामुळे इथला बदल आम्हाला दोन्हीकडून भिडतो.

२०१७ साली सातवीचे 'इतिहास व नागरिकशास्त्र' बदलले. पूर्वीच्या पुस्तकात दिल्लीचे सुलतान, मोगल, त्यांचा कारभार यांना बरीच जागा होती. नव्या पुस्तकाचा केंद्रबिंदू मराठ्यांचा इतिहास झाला. सल्तनत, मोगल, विजयनगर, बहमनी हे सारे 'शिवपूर्वकालीन भारत' या एका प्रकरणात थोडक्यात आले. इतिहासाकडे महाराष्ट्राच्या दृष्टीने पाहायचे, असे त्यामागचे समर्थन होते. वर्तमानपत्रांत वाद झाला. रझिया गेली, शेरशहा गेला, अकबराला काही ओळीच उरल्या, अशा बातम्या आल्या.

आमच्या ओळखीच्या शिक्षकांत यावर एकमत नव्हते, आणि आम्हाला ते प्रामाणिक वाटते. एका उर्दू शाळेतल्या बाईंना फार वाईट वाटले. रझियाचा धडा शिकवताना मुलींचे डोळे चमकायचे, तो आता कशाच्या आधाराने शिकवू, असे त्यांचे म्हणणे. मराठी शाळेतले एक मुसलमान शिक्षक मात्र म्हणाले की मराठ्यांचा इतिहास हा आमचाही इतिहास आहे. तो सविस्तर आला तर तक्रार कसली? त्यात आमची माणसे दिसली पाहिजेत, एवढेच मागणे. तिसऱ्या एका जुन्या शिक्षकाचा मुद्दा या दोघांहून वेगळा होता. पुस्तकात जे शिकवले जात नाही ते मूल दुसरीकडून शिकते, असे ते म्हणाले. औरंगजेबाचा कारभार, त्याच्या दरबारातले राजपूत आणि मराठे सरदार, त्याने पाडलेली मंदिरे आणि काही मंदिरांना दिलेल्या सनदा, जिझिया, दख्खनमधली पंचवीस वर्षांची मोहीम, त्या मोहिमेने पोखरलेले साम्राज्य, हे सगळे वर्गात उघडपणे बोलता आले नाही तर मूल औरंगजेब शिकते पडद्यावरून आणि मोबाइलवरून.

त्यांचे म्हणणे २०२५ साली आम्ही डोळ्यांनी पाहिले. फेब्रुवारीत संभाजी महाराजांवरचा चित्रपट आला. पाठोपाठ खुलताबादची कबर हटवण्याची मागणी झाली आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. त्या आठवड्यात अनेक शाळांतल्या शिक्षकांना वर्गात काय बोलावे हे सुचेना. संभाजी महाराजांचा छळ करून त्यांना मारले गेले, हे सत्य आहे. ते सांगताना मुसलमान शिक्षकाने अडखळायचे कारण नाही. आणि त्या छळाचा हिशेब तिसऱ्या बाकावरच्या मुलीकडे मागायचा नसतो, हे सांगताना हिंदू शिक्षकाने अडखळायचे कारण नाही. या दोन गोष्टी एका तासात, एका आवाजात सांगता येणे यालाच आम्ही इतिहास शिकवणे म्हणतो.

बालभारतीवर टीका करताना तिच्या एका चांगल्या कामाकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे होईल. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाची सुरुवातच इतिहासलेखनाच्या परंपरांपासून होते. रांके, मार्क्स, फुको ही नावे सोळा वर्षांच्या मुलापुढे येतात. वसाहतवादी इतिहासलेखन म्हणजे काय, वंचितांचा आणि स्त्रियांचा इतिहास म्हणजे काय, हे येते. प्रसारमाध्यमे आणि इतिहास, मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास अशी प्रकरणे आहेत. खेड्यातल्या शिक्षकांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला, कारण बी.एड.लाही हे कुणी शिकवले नव्हते. चाळीस गुणांच्या पेपरात फुको म्हणजे एका गुणाचा पर्याय निवडा, एवढाच उरतो अशी चेष्टाही झाली. पण ज्यांनी हे प्रकरण पचवले त्यांच्या हाती एक हत्यार आले. हे कुणी लिहिले, केव्हा लिहिले, कोणासाठी लिहिले, दुसरे साधन काय म्हणते, हे प्रश्न आता पाठ्यपुस्तकाच्याच परवानगीने विचारता येतात. आम्ही एका शिक्षिकेला हे प्रश्न चित्रपटाला लावताना पाहिले. मुलांनी दोन दृश्यांची यादी केली आणि त्यांचा आधार पुस्तकात शोधायला लागली. भांडण झाले नाही. तास संपल्याचे कुणाला कळले नाही.

काढलेले पान आणि घातलेली टीप

दिल्लीत याच काळात वेगळे घडत होते. अभ्यासाचे ओझे कमी करण्याच्या नावाखाली २०२२ साली एनसीईआरटीने वगळायच्या मजकुराची यादी काढली आणि पुढच्या वर्षी तशी पुस्तके छापून आली. बारावीच्या इतिहासातले मोगल दरबार आणि तवारिखांवरचे प्रकरण गेले. अकरावीतला मध्य इस्लामी भूमीवरचा भाग गेला. अकरावीच्या राज्यशास्त्रात संविधान सभेच्या समित्यांविषयीच्या एका वाक्यात मौलाना आझादांचे नाव होते, तेही गेले. ज्यांनी १९४७ पासून १९५८ पर्यंत या देशाचे शिक्षणखाते सांभाळले त्यांचेच नाव शिक्षणखात्याच्या पुस्तकातून जावे, याला काय म्हणावे? जून २०२३ मध्ये राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार राहिलेले पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी आपली नावे या पुस्तकांवरून काढून टाका, असे एनसीईआरटीला कळवले. विचारल्याशिवाय लिखाण कापले गेल्याची त्यांची तक्रार होती.

२०२५ मध्ये नव्या आराखड्यानुसार सातवी-आठवीची नवी पुस्तके आली. दिल्लीचे सुलतान आणि मोगल आता आठवीच्या पुस्तकात आहेत. तिथे बाबराची क्रूरता, अकबराच्या काळातली कत्तल आणि सहिष्णुता दोन्ही, औरंगजेबाने पाडलेली देवळे आणि गुरुद्वारे यांचे वर्णन आहे. सोबत एक टीप आहे. इतिहासातल्या अशा काळोख्या घटनांसाठी आज कुणालाही जबाबदार धरू नये, असा तिचा आशय. मराठ्यांना मात्र या पुस्तकात प्रथमच ऐसपैस प्रकरण मिळाले. दिल्लीच्या पुस्तकांनी दख्खनची नेहमीच उपेक्षा केली होती, त्यामुळे मराठी माणूस म्हणून आम्हालाही याचे समाधान आहे. पण त्याच प्रकरणातल्या नकाशात जैसलमेर मराठ्यांच्या साम्राज्यात दाखवल्यावरून राजस्थानातून आक्षेप आला आणि तज्ज्ञांची समिती नेमावी लागली.

या टीपेविषयी शिक्षकांचे मत आम्ही मुद्दाम विचारले. बहुतेकांनी तिचे स्वागत केले. असे वाक्य पुस्तकात छापील असले की वर्गात त्याच्यावर बोट ठेवता येते. पण एका अनुभवी शिक्षकाने विचारले, कत्तलीचे वर्णन मुलाच्या मनात चित्र होऊन बसते, टीप मात्र तळटीपच राहते. तिचे काय? क्रूरता लपवू नये, हे त्यांनाही मान्य होते. चोळांच्या स्वाऱ्या, कलिंगचे युद्ध, मराठ्यांची बंगालवरची स्वारी, सगळ्यांनाच तो नियम लावा, असे त्यांचे म्हणणे. युद्धाची क्रूरता हा विषय असेल तर तो सर्वांचा हवा. एकाच धर्माच्या राजांपुरता तो ठेवला की टीपेचा उपयोग राहत नाही.

हरवलेले दख्खन

आता स्वतःकडे वळू. कारण या सगळ्या वादात आम्हीही एक चूक करत आलो आहोत. मोगलांचे पान फाटले की आमच्यातले पुष्कळजण असे हळहळतात की जणू घरातली सनद फाटली. पण मालेगाव-भिवंडीचा विणकर, सोलापूरचा मोमीन, सांगलीचा बागवान, कोकणचा दालदी, खेड्यातला मुलाणी आणि पिंजारी यांच्या आजोबांनी कधी तख्त पाहिले होते? बादशाहीशी आमचा संबंध गावच्या कुळकर्ण्याचा होता तितकाच, बहुधा त्याहूनही कमी. मोगलांचा इतिहास शिकवला जावा ही आमची मागणी आहेच, कारण तो देशाचा इतिहास आहे. पण तोच आमचा इतिहास, असे मानले की आम्ही मिलच्याच चौकटीत जाऊन बसतो.

आमचा इतिहास दख्खनमध्ये आहे आणि तो दोन्ही पुस्तकांच्या मधल्या फटीत पडला आहे. दिल्लीच्या पुस्तकाला दख्खन लहान वाटले आणि मुंबई-पुण्याच्या पुस्तकाला ती केवळ स्वराज्याची पार्श्वभूमी वाटली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता झाला. त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे नहरीने पाणी आणले, जमिनीची प्रतवारी करून महसूल बांधला. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा त्याने पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तिथेच पडले. शहाजी आणि शरीफजी ही नावे अहमदनगरच्या शाह शरीफ या पीरावरून ठेवली गेली, ही भोसले घराण्यातली परंपरा. चांदबिबीने नगरचा किल्ला लढवला तोही मोगलांविरुद्ध. महाराष्ट्रातल्या मुसलमान सत्ता मोगलांशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजल्या, हे ज्या मुलाला ठाऊक आहे त्याला 'तुम्ही मोगलांचे' असे म्हणता येईल काय?

पुढे स्वराज्यातही तीच सरमिसळ दिसते. सभासदाच्या बखरीत पायदळाच्या सरनोबतीवर नूरखान बेगचे नाव आहे. आरमारात दौलतखान आहे, फार्सी पत्रव्यवहाराला काझी हैदर आहे. १७६१ ला पानिपतावर इब्राहिमखान गारदी पेशव्यांच्या बाजूने लढला आणि पकडला गेल्यावर मारला गेला. भाषेकडे पाहावे तर श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' मराठीत लिहितात, शाह मुंतोजी बहमनी, हुसेन अंबरखान, शाह मुनी मराठीत ग्रंथ रचतात. आदिलशाही आणि निजामशाहीच्या महसुली कागदांत मराठी भरभरून आहे. हे सगळे आम्ही शोधून काढलेले नाही. ग. ह. खरे यांनी फार्सी शिकून 'ऐतिहासिक फार्सी साहित्य' संपादले, सेतुमाधवराव पगडींनी फार्सी साधने मराठीत आणली. त्यांच्यामागे कोणी मुसलमान संशोधकांची रांग नव्हती, हे आम्ही शरमेने नोंदवतो. आमच्या घरांत मोडीतले वतनाचे कागद आणि दर्ग्याच्या सनदा वाळवी खात पडल्या आहेत आणि आम्ही पुस्तकात नाव नाही म्हणून रडतो आहोत.

फातिमाचा पुरावा

पुरावा मागायची सवय दोन्ही बाजूंनी लागते, याचे ताजे उदाहरण फातिमा शेख यांचे. सावित्रीबाईंची सहकारी म्हणून त्यांचे नाव गेल्या काही वर्षांत खूप पुढे आले. २०१४ मध्ये उर्दू पाठ्यपुस्तकात त्यांची ओळख आली, २०२२ मध्ये गूगलने त्यांचे चित्र झळकवले. जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने जाहीर केले की अशी कोणी व्यक्तीच नव्हती, ती आपणच रचली. गदारोळ झाला. आमच्या ओळखीच्या एका उर्दू शाळेतल्या मुलींनी बाईंना विचारले, मग आम्ही जिच्यावर भाषण केले ती खोटी होती का?

बाईंनी चिडून उत्तर दिले नाही. त्यांनी सावित्रीबाईंचे १० ऑक्टोबर १८५६ चे जोतिरावांना लिहिलेले पत्र शोधले. नायगावहून लिहिलेल्या त्या पत्रात आपल्या गैरहजेरीत फातिमाला त्रास होत असेल, अशी काळजी आहे. ते पत्र सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात अनेक वर्षांपूर्वीच छापले गेले आहे. म्हणजे फातिमा होत्या आणि शाळेच्या कामात होत्या. पण त्याच तासाला बाईंनी हेही सांगितले की ९ जानेवारी ही जन्मतारीख आपण मिरवतो तिला समकालीन आधार नाही, आणि त्यांच्याविषयी जे मोठमोठे लेख फिरतात त्यातले बरेच कल्पनेचे आहे. एवढे माहीत आहे, एवढे माहीत नाही, अशा दोन याद्या मुलींनी केल्या. पहिली यादी लहान होती. तरी त्या मुलींना आता ती कोणी हिसकावू शकणार नाही. आपल्या माणसाबद्दलही पुरावा मागण्याची ही ताकद कोणत्याही गौरवगाथेपेक्षा मोठी आहे.

मागणे

शिक्षकांशी बोलून आमची खात्री झाली आहे की पानांची मोजदाद करणे हा खरा प्रश्न नाही. कुणाला किती पाने मिळाली यावर भांडत राहिलो तर दर सरकारबरोबर पाने बदलत राहतील आणि मूल प्रत्येक वेळी नवे पाठांतर करील. म्हणून आमचे मागणे साधे आहे. पुस्तक छापण्यापूर्वी ते काही शाळांत शिकवून पाहावे आणि शिकवणाऱ्यांचे म्हणणे नोंदवावे. नव्या पुस्तकाबरोबर शिक्षकाला मूळ साधनांचे छोटे वेचे मिळावेत, मराठीत आणि उर्दूतही. वादग्रस्त धडा वर्गात कसा हाताळावा याचे प्रशिक्षण भाषणाने नव्हे, प्रत्यक्ष तास घेऊन व्हावे. दहावीच्या पुस्तकात साधने तपासायला शिकवता, मग चौथीपासूनच त्याचा ओनामा करावा. चौथीच्या मुलालाही विचारता येते, हे आपल्याला कसे कळले?

आणि आमच्या समाजाकडे मागणे त्याहून कठीण आहे. पुस्तकातून नाव गेले की मोर्चा काढायला आमच्यापाशी माणसे असतात. मोडी शिकायला, फार्सी शिकायला, गावच्या काझीच्या दप्तराची यादी करायला, दर्ग्यावरचा शिलालेख वाचून त्याचा मराठीत अर्थ लिहायला माणसे मिळत नाहीत. प्रत्येक तालुक्यात दोन शिक्षकांनी एवढे केले तर दहा वर्षांत दख्खनच्या मुसलमानांचे असे पुरवणी वाचन तयार होईल, की ते वर्गात वापरायला कोणत्याही शिक्षकाला संकोच वाटणार नाही.

प्रतापगडाचा धडा राहू द्या. तो राहिलाच पाहिजे. आम्ही तो पुन्हा पुन्हा वाचला आहे आणि आमच्या मुलांनीही वाचावा. माना पुढच्याही वर्षी त्या बाकाकडे वळतील. त्या वेळी फळ्यापाशी उभे असणाऱ्याच्या हातात खडू असेल आणि दोन रकाने आखायचे त्याला ठाऊक असेल, एवढे झाले तरी पुष्कळ झाले.